स्वस्त वीज आणि उभा कारखाना

प्रिय मित्रा,

तुझ्या हायड्रोजन प्रकल्पाची एक्सेल शीट रात्री दोनदा बघितली. बेरजा चोख आहेत. पण वरच्याच ओळीत तू सौर वीज अडीच रुपये युनिट धरलीस आणि खाली इलेक्ट्रोलायझर, म्हणजे विजेने पाण्यातून हायड्रोजन काढणारा संच, वर्षभर 90 टक्के चालवलास. अरे, अडीच रुपयांची वीज ऊन असेपर्यंतच. रात्री तो कशावर चालवणार?

मी साखर कारखान्यात नोकरी केली, म्हणून हे लगेच डोळ्यांत खुपतं. एका दुष्काळी वर्षी ऊसच नव्हता, गाळप 90 दिवसांत आटोपलं. टर्बाइनवर ताडपत्री टाकून आम्ही बसलो होतो. बँकेचा हप्ता मात्र बाराही महिने. त्या वर्षी साखरेचा पोत्यामागचा खर्च बघून चेअरमन बराच वेळ गप्प होते.

तुझ्या संचाचंही तेच. एक किलो हायड्रोजनला साधारण 55 युनिट धर. अडीच रुपयांनी विजेचे 137 रुपये झाले, आणि सगळे इथेच खूश होतात. आता एक मेगावॉटचा संच उभारून आठ कोटींना पडला आणि हप्ता-व्याज वर्षाला 12 टक्के, म्हणजे 96 लाख, असं समज. नुसत्या उन्हावर तो 22 टक्के चालेल, 35 हजार किलो देईल. किलोमागे भांडवलाचेच 274 रुपये! तोच संच सौर-वारा जोडून 70 टक्के चालला तर 1 लाख 11 हजार किलो निघतात आणि बोजा 86 वर येतो. मग वीज चार रुपयांना घेतलीस तरी किलोमागे शंभरेक रुपये वाचतात.

साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावर पावसाळ्यात एकदा जाऊन ये. पॅनेलवर ढग येतात त्याच महिन्यांत पवनचक्क्या जोरात असतात. पण ती वीज तुझ्या गेटपर्यंत आणायला वहन आकार, म्हणजे तारा वापरण्याचं भाडं, आणि वाटेतली गळती लागते. तो रकाना तुझ्याकडे नाहीच.

अनुदानाचंही बघ. राष्ट्रीय हरित हायड्रोजन मिशनमधलं उत्पादन अनुदान किलोला पहिल्या वर्षी जास्तीत जास्त 50 रुपये, मग 40, मग 30. चौथ्या वर्षी शून्य. तू ते दहाव्या वर्षापर्यंत ओढलंयस.

आणि गिऱ्हाईक? साध्या दाबाला एक किलो हायड्रोजन अकरा-बारा घनमीटर जागा खातो. दाबून टँकरने पाठवायचा तर नफा रस्त्यावरच जिरतो. त्यामुळे हायड्रोजन लागणारी रिफायनरी किंवा अमोनियाचा कारखाना शेजारी असलेलीच जागा शोध. अलिबागजवळ थळच्या खत कारखान्यात अमोनियासाठीचा हायड्रोजन नैसर्गिक वायूतून काढतात. तुझी खरी स्पर्धा त्या वायूच्या दराशी आहे, दुसऱ्या स्टार्टअपशी नाही.

आता शीट ताशी कर, वर्षातल्या प्रत्येक तासाला एक अशी 8,760 ओळींची. कंटाळवाणं काम आहे. झाली की पाठव, रविवारी सकाळी मी घरीच असतो.

तुझा,
काका