वाफेच्या इंजिनाच्या हेरिटेज गाडीला जुने लाकडी डबे का नसतात? नागपुरात असे डबे कुठे बघता येतील?

मेन कारण सेफ्टी, लाकडी बॉडीचा डबा टक्कर झाली तर सरळ चुरा होतो आणि पुढचा-मागचा एकमेकांत घुसतो, म्हणून प्रवासी बसवून मेनलाइनवर तसले डबे चालवतच नाहीत. १९५५ ला चेन्नईतल्या पेरांबूरच्या कारखान्यात पूर्ण स्टीलचे डबे बनायला लागले, ते टकरीत असे एकमेकांत घुसत नाहीत. फेअरी क्वीन हे १८५५ चं वाफेचं इंजिन १९९७ पासून दिल्ली-अलवर पर्यटकांना घेऊन धावलं, तेव्हाही मागचा डबा नव्या काळातलाच होता. दुसरी भानगड ब्रेकची: जुन्या डब्यांना व्हॅक्यूम ब्रेक, तो वाफेच्या इंजिनावरच्या इजेक्टरने हवा खेचून चालतो, आजच्या गाड्यांना मात्र दाबाच्या हवेवर चालणारा एअर ब्रेक असतो आणि हे दोन एकमेकांना जुळत नाहीत, त्यामुळे रस्त्यात वाफेचं इंजिन बंद पडलं तर दुसरं इंजिन लावून ओढायचीसुद्धा पंचाईत होते. बघायचेच असतील तर कडबी चौकाजवळचं मोतीबागचं रेल्वे म्युझियम गाठा, २००२ पासून आहे, वाफेची इंजिनं पण आहेत आणि मुलांना तर नक्की न्या. फक्त एक लक्षात ठेवा, तिथला मेन संग्रह नॅरोगेजचा आहे, म्हणजे नागपूरहून नागभीड आणि छिंदवाड्याला जाणाऱ्या लाइनींवर धावायचे तसले, दोन रुळांत फक्त ७६२ मिमी अंतर असलेल्या लाइनचे छोटे डबे, ब्रॉडगेजच्या (रुंद रुळांच्या) मोठ्या डब्यांची अपेक्षा ठेवून जाऊ नका.