फसवणूक कळूनही उरते ते काय?

प्रश्न : गेली तीन वर्षे मी पत्त्यांच्या हातचलाखीचा सराव करीत आहे. अलीकडेच माझे प्रयोग पाहून एक मित्र म्हणाला, ‘यात कला कसली? युक्ती कळली की सारे संपले, आणि कळेपर्यंत तू आम्हाला फसवतोस.’ मला उत्तर देता आले नाही. जादूच्या प्रयोगांना खरोखरच कला म्हणता येईल का? – एक वाचक

उत्तर : आपल्या मित्राचे आक्षेप दोन आहेत आणि दोन्ही गंभीर आहेत. फसवणुकीचा आक्षेप आधी घेऊ. ठगाचा धंदा चालतो तो समोरच्याला आपण फसत आहोत याचा पत्ता नसतो म्हणून. जादूगाराच्या प्रेक्षकाला मात्र ते पहिल्यापासून ठाऊक असते आणि त्याच कराराने तो समोर बसतो. आधुनिक जादूचे जनक मानले जाणारे फ्रेंच जादूगार रोबेर-उदँ यांनी जादूगार म्हणजे जादूगाराची भूमिका करणारा नट, असे म्हटले होते ते याच अर्थाने.

हा करार किती नाजूक असतो, हे मात्र त्यांच्याच एका प्रयोगावरून दिसते. ईथर हे गुंगी आणणारे द्रव्य हुंगवून शस्त्रक्रिया करता येते, ही बातमी नवी असताना १८४७ मध्ये त्यांनी आपल्या धाकट्या मुलाला ईथर दिल्याचा बहाणा केला आणि केवळ कोपराखालच्या एका काठीच्या आधाराने त्याला हवेत आडवे झोपवले. काही प्रेक्षकांना ते इतके खरे वाटले की, मुलाच्या प्रकृतीशी खेळ केल्याबद्दल त्यांनी पत्रे लिहून बापाला दोष दिला. माझ्या मते, रंगमंचावरील असत्य असे प्रेक्षकाबरोबर घरापर्यंत जाऊ लागले की जादूगाराने सावध व्हावे. मृतात्म्यांशी बोलण्याचा दावा करून दुःखी माणसांना लुबाडणाऱ्यांविरुद्ध अमेरिकी जादूगार हूडिनी १९२०च्या दशकात उभे राहिले, ते ही मर्यादा जपण्यासाठीच.

नाटकाशी तुलना केली तर जादूचे वेगळेपण अधिक स्पष्ट होते. नाटक पाहताना आपण आपला अविश्वास आपणहून बाजूला ठेवतो. जादू पाहताना तो जागाच राहावा लागतो, कारण ‘हे शक्य नाही’ असे बुद्धी ठामपणे सांगत असतानाच डोळ्यांसमोर ते घडले, तरच तो अनुभव जादूचा ठरतो. म्हणून युक्ती हे केवळ साधन आहे आणि खरी कलाकृती प्रेक्षकाच्या मनात घडते. पत्ते जादूगाराने पिसलेले असूनही प्रेक्षक नंतर इतरांना ‘मी स्वतः पिसले होते’ असे प्रामाणिकपणे सांगतो, याचा अनुभव आपल्यालाही आला असेल. ती आठवण आपली नजर, आपले बोलणे आणि आपण घेतलेला क्षणभराचा विराम यांनी घडवलेली असते, आणि यांपैकी काहीही पत्त्यांच्या जोडात विकत मिळत नाही.

राहिला युक्ती कळण्याचा प्रश्न. रोमन तत्त्वज्ञ सेनेका आपल्या मित्राच्याच बाजूचा आहे. वाट्या आणि खडे यांच्या खेळात फसवणूकच आनंद देते आणि ती कशी होते हे कळले की मौज जाते, असे त्याने सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवले. तरीही वाट्यांचा खेळ आजही जगभर होतो, आणि तो सर्वांत मन लावून पाहतात ते त्याची प्रत्येक खुबी ठाऊक असलेले जादूगारच. राग ओळखीचा असला म्हणून जाणकार श्रोता मैफलीतून उठून जात नाही, तसेच हे आहे. सेनेकाने सांगितलेली मौज जाते हे खरे, पण तिच्या जागी दुसरी येते आणि तिला तयार नजर लागते. त्यामुळे मित्राशी वाद घालण्यापेक्षा त्याला एखादी साधी युक्ती शिकवावी, महिनाभर आरशासमोर बसून ती करायला सांगावी आणि मग तोच प्रयोग आपण त्याला करून दाखवावा.