आधी परतीचं इंधन मोज

प्रिय मित्रा,

ट्रॅव्हलर या टेबलाभोवती बसून खेळायच्या अंतराळातल्या रोल-प्लेइंग खेळाबद्दलचं तुझं पत्र वाचून वाईट वाटलं, रागही आला. खेळाडूंचा ताफा प्रत्येक लढाई मारतो म्हणून तू शत्रूची जहाजं वाढवतोस, मग ते तोफा वाढवतात, आणि आता विचारतोस की शत्रूला आणखी मोठं कोणतं हत्यार देऊ. कोणतंही देऊ नकोस. आधी परतीचं इंधन मोज.

तू ट्रॅव्हलर चालवतोस, म्हणजे गणित हातातच आहे. नेहमीचा नियम बघ: एका पार्सेकच्या (सुमारे सव्वातीन प्रकाशवर्षांच्या) जंपला, म्हणजे ताऱ्यांमधल्या उडीला, जहाजाच्या आकारमानाच्या 10 टक्के इंधन लागतं, आणि जंप छोटी असो वा मोठी, आठवडा जातोच. आता चार पार्सेकवर, जिथे इंधन मिळतच नाही तिथे, एक टँकर, म्हणजे इंधन पोचवणारं जहाज, पाठव. जायला 40 टक्के, यायला 40. उरलेल्या 20मध्येच इंजिनं, ब्रिज, खलाशी बसवायचे. आघाडीला देणार काय? छोट्या जंपा मारायच्या तर वाटेत साठे हवेत, साठ्यांवर पहारा हवा. निरोपही जहाजानेच जातो, म्हणजे साठा जळाल्याचं सेनापतीला कळेपर्यंत किमान आठवडा उलटलेला असतो. गॅस जायंटमधून, म्हणजे गुरूसारख्या वायूच्या महाकाय ग्रहातून, हायड्रोजन फुकट ओढता येतो, म्हणून खरी झुंज तिथे लागायला हवी, राजधानीच्या आकाशात नाही. शत्रूला तिथे दबा धरून बसू दे.

‘कंटाळवाणं होईल’ म्हणतोस? 25 मे 1982 रोजी ब्रिटन-अर्जेंटिना युद्धात फॉकलंड बेटांजवळ अर्जेंटिनाच्या क्षेपणास्त्रांनी ॲटलांटिक कन्व्हेयर हे ब्रिटिश मालवाहू जहाज पेटवलं. ती युद्धनौका नव्हती. पण तिच्यावरची सैनिक आणि सामान वाहणारी तीन मोठी चिनूक हेलिकॉप्टरं गेली आणि अनेक ब्रिटिश सैनिकांना पाठीवर ओझी घेऊन बेट पायी तुडवावं लागलं. यात कंटाळवाणं काय, सांग मला.

माझ्या टेबलावरचे काही खेळाडू माझ्या याच हिशेबाच्या हट्टापायी उठून गेले. ‘आम्ही लढायला येतो, हिशेब लिहायला नाही.’ त्यातल्या एकाची अजून आठवण येते. तसा धाडसी कर्णधार पुन्हा कुणी उभा केला नाही. त्याच्यासाठी एखादं सेशन सैल सोडता आलं असतं, हे मला कळतं. पण टाकी कायम भरलेलीच असेल तर पुढे जायचं की थांबायचं हा निर्णयच उरत नाही, आणि तो खेळाडू सगळ्यात रंगायचा तो नेमका तिथेच.

खेळाडूंना प्रत्येक टाकी मोजायला लावू नकोस. सगळ्यात कमी पल्ल्याचं जहाज कोणतं, टँकर किती, जवळचा साठा किती जंपांवर, एवढं एका कागदावर लिही आणि तो टेबलावर उघडा ठेव. परतीचं इंधन त्यांच्या डोळ्यांसमोर दिसू दे. पुढच्या सेशनला शत्रूचं एकही जहाज वाढवायचं नाही. त्यांचे दोन टँकर उडव, आणि काय झालं ते मला सविस्तर लिही.