कोल्हापुरात घरापुढे गुलाब, जास्वंद, झेंडू भरपूर लावलेत. फुलपाखरं येतात पण थांबत नाहीत. कढीलिंबाला महिन्यातून एकदा कडुनिंबाचं तेल मारतो. अजून कोणती फुलं लावावीत?

फुलांचा प्रश्नच नाही. तेल बंद करा. फुलपाखरं हवीत आणि अळ्या नकोत, हे जमणार नाही.

लाइम आणि कॉमन मॉर्मन ही दोन्ही फुलपाखरं अंडी घालायलाच कढीलिंबावर आणि कागदी लिंबावर येतात. कोवळ्या पानावर एकेकटं, गोल, फिकट पिवळं, मोहरीएवढं अंडं असतं. तीन-चार दिवसांत अळी निघते. आधी ती तपकिरी-पांढरी, हुबेहूब पक्ष्याची शिट दिसते, त्यामुळे शत्रूच्या नजरेतून सुटते. शेवटच्या टप्प्यात हिरवीगार होते. डिवचलं तर डोक्यामागून लालसर शिंगं काढून उग्र वास सोडते. चावत नाही, खाजही सुटत नाही. दोनेक आठवडे खाऊन झालं की पातळ विष्ठा टाकते आणि भटकायला लागते. लोक नेमकं याच वेळी तिला झाडून टाकतात. खरं तर ती काडी, कुंडीचा काठ किंवा भिंत शोधत असते. तिथं रेशमी धाग्यानं स्वतःला बांधून कोष करते. साधारण दहा दिवसांनी फुलपाखरू बाहेर येतं आणि पंख सुकेपर्यंत लटकून राहतं. तेवढा वेळ त्याला हात लावू नका.

आमच्या दारातला कढीलिंब पावसाळा सरता सरता निम्मा उघडा पडतो, आणि शेजारी दर वेळी म्हणतात, "अहो, मारा की काहीतरी, सेंद्रिय असलं तर चालतंय!" चालत नाही. कडुनिंबातलं ॲझाडिरॅक्टिन अळीची भूक मारतं आणि तिचं कात टाकणं बिघडवतं. फवारतात ते त्यासाठीच. बीटी या जिवाणूची पावडर तर अळ्यांवरच चालते. झाड मात्र अळ्यांनी खाल्लं म्हणून मरत नाही. खाल्लेले शेंडे छाटले की नवी पालवी जोमानं फुटते आणि फोडणीला काही कमी पडत नाही.

लावायचंच असेल तर अळ्यांचं खाद्य लावा. हळदीकुंकू किंवा रुईवर प्लेन टायगर, सापसंदाच्या वेलावर क्रिमझन रोझ, कण्हेरीवर कॉमन क्रो, सोनचाफ्यावर टेल्ड जे. २०१५ साली राज्य फुलपाखरू ठरलेलं ब्लू मॉर्मन, म्हणजे नीलवंत, लिंबू-पपनसाच्या जातीच्या झाडांवर वाढतं. मधासाठी पेंटास, एक्झोरा, झिनिया आणि एकेरी पाकळ्यांचा झेंडू सकाळच्या उन्हात झुपक्यानं लावा. भरगच्च पाकळ्यांच्या गुलाबात त्यांची सोंड मधापर्यंत पोचत नाही. घाणेरीवर फुलपाखरं जमतात हे खरं, पण ती रानभर पसरते. मुद्दाम लावू नका.

उथळ ताटलीत ओली माती आणि चिमूटभर मीठ ठेवलं तर नर क्षार शोषायला बसतात. पिकून काळं पडलेलं केळं थोडा गूळ घालून कुस्करून सावलीत ठेवा. केळ्याची ताटली पाण्यात ठेवली म्हणजे मुंग्या चढत नाहीत. शिंपी आणि बुलबुल पिलांसाठी अळ्या उचलतील, उचलू द्या. पक्ष्यांच्या पाण्याचं भांडं दोन इंचांहून खोल नको, आणि डासांसाठी पाणी रोज बदला.

दोन-तीन गोष्टी राहिल्या. रोप गुडघ्याएवढंच असेल तर दोन-चार अळ्या ते बोडकं करतात. पानासकट कापून त्यांना मोठ्या कढीलिंबावर किंवा लिंबावर ठेवा, चिमटीत धरू नका. रोपवाटिकेतून आणलेल्या झाडावर औषध मारलेलं असू शकतं, म्हणून जुनी पानं जाऊन नवी येईपर्यंत अळ्या त्यावर सोडू नका. रुई-हळदीकुंकवाचा चीक डोळ्यात गेला तर त्रास होतो. घरात लहान मुलं असतील तर ही झाडं मागच्या बाजूला लावा. हळदीकुंकवावर पिवळा मावा येणारच. आधी अळ्या आणि अंडी कुठं आहेत ते बघा, मग बाकीचे शेंडे पाण्याच्या धारेनं धुवा. साबणाचं पाणीसुद्धा नको, "सौम्य आहे" असं कुणी कितीही सांगितलं तरी.