बेल्ट बदलला, तरी जळका वास जाईना

प्रश्न : माझी गाडी पेट्रोलवर चालणारी, मॅन्युअल गिअरची, सहा वर्षं जुनी आहे. महिनाभरापासून वीसेक मिनिटं चालवली की आत जळक्या रबराचा वास येतो. एसी लावला की जास्तच. गॅरेजमध्ये आधी इंजिनाचा बेल्ट बदलला, मग तो ताणून धरणारा टेन्शनर बदलला, वास तसाच. आता एसीचा कंप्रेसर खोलून बघू म्हणताहेत. इंजिनाचा आवाज नेहमीसारखाच आहे, डॅशबोर्डवर कुठला दिवा लागत नाही. गाडी उभी केली की पुढच्या डाव्या चाकापाशी वास जास्त जाणवतो आणि हल्ली हलक्या उतारावर ब्रेक सोडला तरी गाडी आपसूक सरकत नाही. पुढे काय करू?

उत्तर : कंप्रेसर सध्या राहू द्या. सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तुम्ही पत्राच्या शेवटी लिहिली आहे : वास चाकापाशी येतो आणि गाडी उतारावर सरकत नाही. म्हणजे पाय काढल्यावरही त्या चाकाचा ब्रेक सुटत नाही. ब्रेकचं पॅड चाकासोबत फिरणाऱ्या डिस्कला घासत राहतं, तापतं आणि त्यातलं रेझिन जळायला लागतं. तो वास रबरासारखाच उग्र असतो. त्यामुळे ‘रबर जळतंय’ म्हटलं की पहिला संशय बिचाऱ्या बेल्टवर जातो.

बेल्ट घसरत असता तर सहसा आवाज आला असता. गाडी सुरू करताना, एसी लावताना किंवा स्टिअरिंग पूर्ण वळवताना कर्कश किंचाळल्यासारखा. तुमच्याकडे तो नाही. मग एसी लावल्यावर वास का वाढतो? बाहेरची हवा बहुतेक गाड्यांत पुढच्या काचेच्या बुडाशी असलेल्या जाळीतून आत येते. पंखा सुरू झाला की बाहेरचा वासही तो ओढतो. एकदा एसी चालू ठेवूनच हवा ‘आतली आत फिरवा’च्या बटणावर करून बघा. वास कमी झाला तर तो बाहेरून येतोय, एवढं तरी ठरलं.

आता चाकाची परीक्षा. सपाट रस्त्यावर, जमेल तितका कमी ब्रेक वापरत वीस मिनिटं गाडी चालवा. थांबल्यावर पुढच्या दोन्ही चाकांच्या रिमजवळ हात न्या, पण लावू नका. डिस्कला तर मुळीच नको, चांगलंच भाजतं. एका बाजूची धग स्पष्ट जास्त असेल तर चोर सापडला. मेकॅनिककडे इन्फ्रारेड थर्मामीटर असेल तर उत्तमच. मग गाडी गार होऊ द्या, मागच्या चाकांना अडण लावा, हँडब्रेक ओढा, गिअर न्यूट्रलला ठेवा, पुढचं चाक जॅकवर उचलून हाताने फिरवा. पॅड थोडं घासल्याचा आवाज आला तर चालतं, पण चाक अडत असेल तर नाही.

पुढचा भाग मात्र गॅरेजचाच, आणि नेमका तोच घाईत सुटतो. चाक अडलेलं असताना कॅलिपरचं (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाचं) ब्लीडर निपल, म्हणजे ब्रेक ऑइल बाहेर सोडायचा स्क्रू, जरा ढिलं करायला सांगा. चाक लगेच मोकळं झालं तर आत दाब अडकून बसलाय. अशा वेळी दोष बहुधा ब्रेकच्या रबरी होजचा असतो : आतून फुगलेला होज ऑइल पुढे जाऊ देतो, मागे येऊ देत नाही. बाहेरून तो अगदी नवा दिसेल! निपल ढिलं करूनही चाक अडलेलंच राहिलं तर कॅलिपर ज्यांवर सरकतो ते स्लाइड पिन सुकलेत किंवा पॅड दाबणारा पिस्टन गंजून बसलाय. पिन साफ करून त्यांना ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीस लावतात. साधं ग्रीस लावू देऊ नका, त्याने रबरी बूट फुगतात आणि पिन पुन्हा अडकतात. पॅड जळून चकाकलं असेल तर पुढच्या दोन्ही चाकांचे पॅड एकदम बदला. एकाच बाजूला नवं पॅड टाकलं तर ब्रेक मारताना गाडी एका अंगाला ओढू शकते.

ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललं, तेही बघा. ते हवेतलं पाणी शोषतं. डॉट ४ प्रतीच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सियस असावा लागतो. पाणी मुरलं की तो १५५ अंशांपर्यंत उतरू शकतो. आधीच तापलेल्या चाकात ते उकळलं तर पेडल थेट खाली जातं. म्हणून काम होईपर्यंत गाडी लांब नेऊ नका, उताराच्या रस्त्यावर तर नकोच.

आणि बेल्ट दोनदा संशयात सापडलाच आहे, तर मेकॅनिकला सांगण्यासारखी एक युक्ती. किंचाळणाऱ्या बेल्टच्या खाचांच्या बाजूवर, हात आणि कपडे लांब ठेवून, थोडं पाणी फवारायचं. आवाज वाढला तर ताण कमी आहे. क्षणभर थांबून परत आला तर पुली (बेल्ट ज्यांवरून फिरतो ती चाकं) रेषेत नाहीत. पुली वाकडी असेल तर कितीही बेल्ट बदला, नवाही तसाच झिजेल.

प्रश्न : नवी कोरी गाडी घेतली. पहिल्या काही फेऱ्यांत बॉनेटमधून जळका वास आला. काळजी करू का?

उत्तर : एक्झॉस्टवरचं संरक्षक आवरण आणि कारखान्यातलं तेल पहिल्यांदा तापताना जळतं, त्याचा वास येतो आणि थोड्या दिवसांत जातो. हँडब्रेक पूर्ण सुटतोय ना आणि तुम्ही हाफ क्लचवर गाडी रेटत नाही ना, एवढं बघा. वास वाढत गेला, धूर दिसला किंवा प्लॅस्टिक वितळल्यासारखा वास आला तर ती गोष्ट वेगळी. वायर तापत असू शकते. गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा, सगळ्यांना खाली उतरवून लांब उभं करा. धूर येत असताना बॉनेट उघडून बघायला जाऊ नका. आत हवा गेली की ज्वाळा भडकते.