पाहुण्या संघाचे पाठीराखे म्हणून अंधेरीत फुटबॉल सामना बघायला गेलो तर कुठे बसावं? सिक्युरिटीवाले त्रास देतात का?

तुम्ही सावंतवाडीहून, एफसी गोवाची केशरी जर्सी घालून मित्रांसोबत मुंबई सिटीविरुद्धचा सामना बघायला येणार, म्हणून विचारताय. मी मुंबई सिटीचा पाठीराखा. आधी एवढंच सांगतो: जरूर या, आणि जर्सी घालूनच या.

आता जागेचं. मुंबई फुटबॉल अरेना हे अंधेरीच्या क्रीडा संकुलातलं लहान मैदान आहे. पाहुण्यांसाठी कुठला भाग ठेवलाय हे प्रत्येक सामन्याआधी नीट तपासा आणि तिथलंच तिकीट घ्या. वेस्ट कोस्ट ब्रिगेड, म्हणजे आमची ढोल-झेंडेवाली मंडळी, बसते तिथलं तिकीट स्वस्त दिसलं म्हणून घेऊ नका. गट मोठा असेल तर गोव्याच्या पाठीराख्यांच्या मंडळाला आधी गाठा. एकत्र आलेल्या गटाला एकत्र बसवणं आयोजकांनाही सोपं जातं.

खरा घोळ तिकिटातच असतो. मी मुंबई सिटीसोबत परगावी गेलो होतो तेव्हाची गोष्ट. मैदानाचं नाव सांगत नाही. ॲपवर तिकीट काढलं, कुठल्या संघाचे हे कुणी विचारलं नाही. गेटवर झडती झाली, तिकीट स्कॅन झालं, जिना चढून जागेवर बसलो आणि मग रक्षक आला, ‘जर्सी उलटी घाला नाहीतर बाहेर चला.’ पुढच्या रांगेत आमच्याच निळ्या जर्सीतली एक लहान मुलगी वडिलांबरोबर आली होती. वडिलांनी अंगावरचा शर्ट काढून तिला जर्सीवरून घातला, बाह्या तिच्या बोटांच्या खाली लोंबत होत्या. स्वतः ते बनियनवर बसले. मुलीने पूर्ण सामन्यात एकदाही टाळी वाजवली नाही. आजूबाजूच्या यजमान प्रेक्षकांना आमचा काही त्रास नव्हता, एकाने तर तिला शेंगदाणे दिले.

त्या रक्षकावर मला राग काढायचा नाही. ‘या स्टँडमध्ये दुसरा रंग नको’ एवढंच त्याला कुणीतरी सांगितलं होतं. मग या लोकांना पाठवायचं कुठे, हे त्यालाही माहीत नव्हतं. पाहुण्यांची जागा तिकीट विकतानाच ठरायला हवी, स्टँडमध्ये दंड धरून नव्हे. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये पाहुण्या क्लबला 3,000 तिकिटं किंवा मैदानाच्या क्षमतेच्या 10 टक्के, यांतली कमी असेल तेवढी द्यावी लागतात. ती तिकिटं पाहुणा क्लबच आपल्या लोकांना विकतो, त्यामुळे कोण कुठे बसणार हे घरातून निघतानाच ठरलेलं असतं. 2016 पासून या तिकिटांना 30 पौंडांची कमाल मर्यादाही आहे. आपल्याकडे इतकं काटेकोर नको, पण बुकिंगच्या वेळी ‘पाहुणा संघ’ असा एक पर्याय ठेवायला काय हरकत आहे?

हे मी पोटतिडकीने लिहितोय त्याला कारण आहे. 16 ऑगस्ट 1980 ला ईडन गार्डन्सवर मोहन बागान आणि ईस्ट बंगालचे पाठीराखे एकाच स्टँडमध्ये मिसळून बसले होते. मैदानात दोन खेळाडूंची जुंपली, दोघांनाही बाहेर काढलं आणि वर हाणामारी, चेंगराचेंगरी झाली. 16 जण गेले. कोलकात्यात आजही त्या दिवशी रक्तदान होतं. म्हणून काही जण म्हणतात, पाहुण्यांना येऊच देऊ नका. मला ते अजिबात पटत नाही. इंडोनेशियात मलंगच्या कांजुरुहान मैदानावर 1 ऑक्टोबर 2022 ला पाहुण्या पाठीराख्यांना बंदीच होती. तरी 135 माणसं गेली, कारण पोलिसांनी स्टँडकडे अश्रुधूर सोडला आणि घाबरलेली गर्दी अरुंद दारांत अडकली. बाहेर पडायची वाट मोकळी हवी आणि रक्षकांना गर्दी हाताळता यायला हवी. मॅचकडे पाठ करून प्रेक्षकांकडे तोंड करून उभा असलेला रक्षक दिसला की मला बरं वाटतं, त्याला नीट शिकवलंय हे कळतं.

तुमच्यापुरतं सांगायचं तर पॉवर बँक, पाण्याची बाटली, सुटी नाणी आणू नका. बहुतेक मैदानांवर ती गेटवरच काढून घेतात. झेंड्याची काठी आणि ढोल यांची परवानगी आधी विचारून घ्या. कुणी जागेवरून उठवलं तर वाद न घालता तिकीट दाखवा आणि ‘आम्हाला पाहुण्यांच्या स्टँडमध्ये सोडा’ एवढंच ठामपणे म्हणा. ऐकलं नाही तर त्याच्या सुपरवायझरला बोलवायला सांगा. शिट्टी वाजली की लगेच पळू नका, यजमानांची गर्दी ओसरू द्या.

घाई करायची गरजही नाही. साडेसातची मॅच साधारण साडेनऊपर्यंत संपते. मैदानापासून आझाद नगर मेट्रो जवळ आहे, एकाच स्टेशनावर अंधेरी, तिथून लोकलने दादर. सावंतवाडीला जाणारी तुतारी एक्स्प्रेस दादरहून मध्यरात्र उलटल्यावर सुटते, त्यामुळे परतीचं आरक्षण करताना तारीख मॅचच्या दुसऱ्या दिवसाची टाका.