टोयोटाच्या कारखान्यात सुट्या भागांचा मोठा साठा का ठेवत नाहीत?

साठ्यात भांडवल तर अडकतेच, पण त्याहून वाईट म्हणजे सदोष भाग त्याच्या आड दडून राहतात, हे टोयोटाचे अभियंते ताइची ओनो यांनी ओळखले होते. म्हणून पुढच्या टप्प्यावर जेवढे भाग वापरले जातात तेवढ्यांचीच मागणी ‘कानबान’ नावाच्या कार्डाने मागच्या टप्प्याकडे जाते. कार्ड आले नाही, तर भाग बनवायचाच नाही. दोष दिसताच कामगार डोक्यावरची दोरी ओढतो, दिवा लागतो आणि अडचण वेळेत सुटली नाही तर जुळणीची रांग थांबते. (मूळ कल्पना टोयोटा समूहाचे संस्थापक साकिची टोयोडांच्या, धागा तुटताच आपोआप थांबणाऱ्या मागाची.) पद्धत निर्धोक मात्र नाही: १९९७ मध्ये ब्रेकचा एक लहानसा व्हॉल्व्ह पुरवणाऱ्या आयसिनच्या कारखान्याला आग लागली आणि हाताशी साठा नसल्याने टोयोटाचे जपानमधील बहुतेक कारखाने काही दिवस बंद राहिले.